बटण, किक आणि माझा गुडघा

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मी नवी स्कूटर घेतली. गाडी घेणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. आता आमच्या जांब समर्थातही घरोघरी दुचाकी आहे. पण ही गाडी घेताना घरात आठ दिवस जी चर्चा झाली, ती मात्र तुम्हाला सांगण्यासारखी आहे. कारण ती चर्चा उद्या तुमच्याही घरी होणार आहे.

मी आरोग्य सेविका आहे. गावातले लोक 'सिस्टर' म्हणतात, वस्तीवरच्या म्हाताऱ्या 'नर्सबाई' म्हणतात. लसीचा डबा पुढे पायाशी, रजिस्टरांची पिशवी हुकाला आणि मी. अशी आमची वरात रोज वाड्यावस्त्यांवर निघते. दिवसाला सरासरी तीस किलोमीटर. त्यातलं अर्धं डांबरी, अर्धं काळ्या मातीचं. घनसावंगी तालुक्यातली काळी माती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पावसाळ्याबद्दल काही सांगायला नको. चाक आणि मडगार्डच्या मधे ती अशी गच्च बसते, की गाडी जागच्या जागी उभी. मग बाभळीची काडी शोधायची आणि चिखल खरवडत बसायचं!

तर शोरूममध्ये आम्ही गेलो तिघं. मी, आमचे 'हे' आणि भाचा. भाच्याला गाड्यांतलं सगळं कळतं. ह्यांचा प्रश्न एकच, "ॲव्हरेज किती देते?" भाच्याचा प्रश्न वेगळा, "स्क्रीन कुठली आहे? ब्लूटूथ आहे ना?" विक्रेता मुलगा मोठा चतुर. तो तिघांनाही पुरून उरला. म्हणाला, "मॅडम, टॉप मॉडेलच घ्या. उभी राहिली की आपोआप बंद होते, पेट्रोल वाचतं. मोबाईल जोडता येतो. कॉल आला तर समोर नाव दिसतं. फक्त तेरा हजार जास्त."

आमच्या गावात समर्थ रामदासांचा जन्म झाला, १६०८ साली, रामनवमीला. लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' शब्द ऐकून ते निघून गेले, ही गोष्ट आमच्याकडे लेकरांना पाळण्यात असल्यापासून ऐकवतात. 'फक्त तेरा हजार' म्हटल्याबरोबर मलाही कानात तेच ऐकू आलं... सावधान! मी म्हटलं, "आज नुसतं बघायला आलोय," आणि दोघांना घेऊन सरळ बाहेर पडले.

घरी येऊन वही काढली. बचत गटाचा हिशोब पंधरा वर्षं लिहिते आहे, हा काय अवघड आहे?

महिन्याला साडेसातशे किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस धरले तर सोळा-सतरा लिटर पेट्रोल. एकशेपाच रुपये भाव धरला, तर साधारण साडेसतराशे रुपये. आता ते 'उभी राहिली की बंद' प्रकरण. माझी गाडी चालू इंजिनावर उभी राहते कधी? गावात सिग्नल नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, बाजाराच्या दिवशी बैलगाडी आडवी येते. सगळं मिळून दिवसाला चार मिनिटं धरा. एवढ्याशा इंजिनाची स्कूटर नुसती उभी चालू ठेवली, तर तासाला पाव लिटरपेक्षा कमीच पेट्रोल पिते. आपण हात सैल सोडून पूर्ण पाव लिटर धरू. महिन्याला शंभर मिनिटं म्हणजे वाचलेले पैसे झाले चव्वेचाळीस रुपये. बाकीचे लाड बाजूला ठेवले आणि तेरा हजार नुसते पेट्रोलमधून वसूल करायचे म्हटले, तर साडेचोवीस वर्षं लागतील!

हे वहीत डोकावून म्हणाले, "तोवर तू रिटायर होऊन तुझी नातसून गाडी चालवत असेल."

पण मैत्रिणींनो, हाच हिशोब मी माझ्या धाकट्या बहिणीसाठी केला, तेव्हा उत्तर वेगळं आलं. ती पुण्यात असते. ऑफिसला जाता-येता सिग्नल आणि गर्दीत रोज अर्धा तास गाडी नुसती घुरघुरत उभी असते. तिचे महिन्याला तेरा तास होतात. तिचे तीनशेच्या वर रुपये वाचू शकतात. म्हणजे तीन-सव्वातीन वर्षांत तेरा हजार फिटले. सोय तीच, गाडी तीच. फक्त रस्ता वेगळा. ही सोय शहराच्या गर्दीतून जन्मली आहे, तिचा फायदाही तिथंच. आपल्याकडे ट्रॉलीच्या मागे उभं राहावं लागलं, तर अंगठ्यानं बटण दाबून गाडी बंद करणं फुकट आहे.

आणखी एक गंमत सांगते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते बरंचसं येतं उसापासून आणि धान्यापासून. आमचा भाग जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे उसाचा. म्हणजे आपल्याच शेतातला ऊस आपल्याच टाकीत! शेतकऱ्याची बायको म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एक तृतीयांशानं कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं, की जुन्या पद्धतीच्या दुचाकींचं ॲव्हरेज यामुळे तीन-चार टक्क्यांनी उतरेल. माझ्या साडेसतराशेवर तीन-चार टक्के म्हणजे पन्नास ते सत्तर रुपये. त्या महागड्या सोयीनं वाचवायचे चव्वेचाळीस आणि इकडून जायचे साठ! म्हणून माहितीपत्रकातला ॲव्हरेजचा आकडा हा लग्नातल्या मुलीच्या फोटोसारखा समजावा. खोटा नसतो, पण रोजचा चेहराही तो नसतो.

मग पेट्रोल वाचवणारं काहीच खरं नाही का? आहे ना. काही गाड्यांमध्ये समोर एक हिरवा दिवा असतो. हळूहळू, एका लयीत चालवली की तो लागतो, कान पिळला की जातो. मैत्रिणीच्या गाडीवर मी तो पाहिला. दिवा काही पेट्रोल वाचवत नाही, तो आपल्याला शिकवतो. महिनाभरात हाताला वळण लागतं, मग दिवा नसला तरी चालतं. पेट्रोल बचतीसाठी १९७८ साली सरकारनं 'पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन' नावाची संस्था काढली. ती इतकी वर्षं हेच सांगत आली आहे. वेग आवरा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, थांबलात की इंजिन बंद करा, सर्व्हिसिंग वेळेवर करा. यातल्या एकाही गोष्टीला तेरा हजार लागत नाहीत. हवा कमी असलेली गाडी म्हणजे ओल्या साडीत चालणारी बाई. जोर जास्त लागणारच.

इथवर ह्यांना माझा हिशोब फार आवडला. म्हणाले, "मग साधं मॉडेल घेऊ. उगाच चैन कशाला?"

आणि इथं माझं डोकं फिरलं. कारण 'चैन' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. ते सांगते.

माझी आधीची स्कूटर २०१२ ची. तिलाही बटण होतं. पण बॅटरी संपली आणि बटण बंद पडलं. नवी बॅटरी हजार-बाराशेला. मी म्हटलं, किक आहे की! मुलीच्या हॉस्टेलची फी, सासूबाईंची औषधं, गटाचा हप्ता... बॅटरी दर महिन्याला पुढच्या महिन्यावर गेली. अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षं रोज दहा वेळा उजव्या पायानं किक मारली. गुडघा दुखायला लागला तर रात्री तेल चोळलं. बॅटरीचे पैसे नव्हते असं नाही. त्याच दोन वर्षांत ह्यांच्या मोटारसायकलचे दोन्ही टायर बदलले, मुलाला मोबाईल घेतला. ती गरज होती. माझं बटण मात्र चैन होती, आणि ती चैन ठरवली कुणी? दुसऱ्या कुणी नाही, मीच.

एका श्रावणातल्या रात्री दोन वाजता आशाताईंचा फोन आला. वस्तीवर एक सून घरातच बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. १०८ ला फोन झाला होता, गाडी निघाली होती, पण वाट चिखलाची. मी बॅग घेऊन बाहेर आले. पावसात भिजलेली गाडी. एक किक, दोन, दहा, वीस... गुडघ्यातून कळ मस्तकात. गाडी ढिम्म. शेवटी ह्यांना उठवलं, त्यांनी चोक ओढून किक मारमारून ती चालू केली. घड्याळात पाहिलं, बारा मिनिटं गेली होती.

मी पोचले. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, बाळाला आईच्या छातीशी दिलं. तेवढ्यात १०८ आली. दोघं वाचली. ते लेकरू आता दुडुदुडु पळतं, मला बघून इंजेक्शनच्या भीतीनं आईमागं लपतं. पण बाळंतिणीचं रक्त जात असताना बारा मिनिटं म्हणजे काय, हे माझ्या धंद्यातल्या बाईला सांगायला लागत नाही. त्या रात्री काही वाईट झालं असतं, तर कुणी मला बोल लावला नसता. गाडीच चालू झाली नाही, बाई काय करणार, असंच सगळे म्हणाले असते. मला मात्र ठाऊक असतं, की ती बाराशे रुपयांची गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी मी बॅटरी आणली.

म्हणून ह्यांनी 'चैन' म्हटल्यावर मी शांतपणे ही गोष्ट पुन्हा सांगितली. ते गप्प झाले. त्या रात्री उठले तेही होते ना.

आपल्याकडे बायकांच्या सोयीला नेहमीच हसण्यावारी नेलं गेलंय. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनं लुना आणली. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षिका आणि नर्सबाई त्या लुनावर पायडल मारत मारत नोकरीला लागल्या. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, बिनगियरची, बटण दाबलं की चालू होणारी. तेव्हा पुरुष म्हणायचे, "बटणाची गाडी? ही काय गाडी झाली? ही बायकांची!" आता बघा, बुलेटलासुद्धा बटण आहे आणि नव्या बुलेटला तर किकच नाही. मिशीवाले मिशीवाले अंगठ्यानं बटण दाबतात. म्हणजे ती सोय बायकांची नव्हतीच, माणसाची होती. आपल्याला ती आधी लागली, एवढंच.

मग मी वहीचं दुसरं पान काढलं. पहिल्या पानावर पेट्रोलचा हिशोब होता. या पानावर मी शरीराचा आणि रस्त्याचा हिशोब मांडला.

पहिलं बटण. हवंच. आणि किकसुद्धा हवी. भाचा म्हणाला, "मामी, किक जुनी झाली, कामून पाहिजे?" त्याला त्याच्याच गाडीची आठवण करून दिली. त्याच्या नव्या गाडीला किक नाही. एकदा मी ती मागून नेली. वस्तीवर लसीकरण करताना चावी चालूच राहिली, चूक माझीच. तीन तासांनी बॅटरी झोपलेली. संध्याकाळ झालेली, आणि किक मारायला किकच नाही! शेवटी एका भल्या शेतकऱ्यानं ट्रॉलीत घालून मला आणि गाडीला घरी सोडलं. गावभर पुढचे आठ दिवस, "सिस्टर, ऊस किती टन झाला?" आता बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. एक एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आला, तेव्हापासून कार्बोरेटर आणि चोक जवळपास गेलेच. थंडीत गाडी पटकन चालू होते, हे फार छान. पण त्या यंत्रणेला बॅटरी लागते. बॅटरी पार मेली तर किकही हतबल होते, थोडा जीव असेल तर किक तारते. म्हणून दोन्ही हवं.

दुसरं, ब्रेक. सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागेल अशी सोय किंवा एबीएस सक्तीचं आहे. आपल्यापैकी किती जणी पुढचा ब्रेक भीतीनं वापरतच नाहीत! 'पुढचा दाबला की उलटतो' असं शिकवलेलं. त्या सवयीवर हा चांगला उतारा आहे. तो सगळ्या नव्या गाड्यांना मिळतोच, त्यासाठी वेगळे पैसे मोजायला नकोत.

तिसरं, चाक. पुढचं चाक थोडं मोठं असेल तर खड्ड्यात कमी आपटतं, कंबर वाचते. टायर ट्यूबलेस असावेत. बाभळीचा काटा घुसला तरी हवा एकदम जात नाही, गावापर्यंत येता येतं. आडरानात एकट्या बाईला याची किंमत विचारा.

चौथी, बसायची उंची. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. हे कुठल्याही माहितीपत्रकातल्या आकड्यावरून कळत नाही, बसूनच पाहावं लागतं. साडी नेसून बसून पाहावं!

साडीवरून आठवलं. मागच्या चाकावरची ती जाळी, जिला आपण 'साडीगार्ड' म्हणतो, ती काही शोरूमवाल्याची मेहेरबानी नव्हे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, मागच्याला धरायला कडी आणि पाय ठेवायला जागा असावी, हा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे, १९८९ पासूनचा. हौशी पोरं गाडी 'भारी' दिसावी म्हणून जाळी काढून टाकतात. ती आई-बहिणीला मागे बसवणार असतील, तर जाळी परत लावायला सांगा. त्या एका जाळीपुढं बाकी सगळी स्क्रीन फिकी आहे.

आणि दिव्याचं काय? २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा सतत चालूच असतो, बंद करायचं बटणच नसतं. पण अजूनही रस्त्यात कुणीतरी भला माणूस हाताची मूठ उघडझाप करून "ताई, लाईट, लाईट!" असं खुणावतोच. मीही हसून मान हलवते. काय सांगणार?

विजेच्या गाडीचाही विचार केला. खोटं कशाला सांगू, हिशोब तिचाच सगळ्यात भारी. तीन युनिटांच्या आसपासची बॅटरी भरली की ऐंशी-शंभर किलोमीटर. वीज तीस-पस्तीस रुपयांची. तेवढ्याच अंतराला पेट्रोल दोनशेच्या वर. रोजचा ठरलेला रस्ता आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तर जरूर बघा. पण मला रात्री-बेरात्री निघावं लागतं, नेमकी त्याच दिवशी लाईट गेलेली असली तर? शिवाय दुरुस्तीला गावात कुणी नाही. माझ्या कामाला ती आज नाही जमली. पाच वर्षांनी कदाचित जमेल.

आणि हो, सगळ्यात मोठी बचत तर लाल एसटीत आहे. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट. अंबडला, जालन्याला जायचं तर मी गाडी काढतच नाही. सासूबाईंना घेऊन एसटीनं जाते. वस्तीवर मात्र एसटी जात नाही, तिथं माझी मलाच जावं लागतं.

शेवटी मी मधलं मॉडेल घेतलं. बटण, किक, ट्यूबलेस टायर, उंची माझ्या पायाला बरोबर. स्क्रीन नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, त्याचाही फायदा झाला. टॉप मॉडेलचे तेरा हजार वाचले नाहीत, सगळे मधल्या मॉडेलमध्येही गेले नाहीत. जे उरले, त्यातून गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवलं. तेही किती दिवस पुढच्या महिन्यावर ढकललं होतं!

आमच्या गावच्या त्या मुलानं बारा वर्षं पायी भारत पालथा घातला, असं सांगतात. आपण ॲव्हरेज मोजतो. मोजावंच. संसार आकड्यांवर चालतो. पण मोजताना वहीत एक रकाना आपल्या स्वतःच्या गुडघ्याचा, पाठीचा आणि एकटीनं निघता येण्याचाही ठेवा. तो रकाना दुसरं कुणी भरत नाही.

काल रात्री दीडला फोन आला. उठले, चावी फिरवली, अंगठा दाबला. हे झोपलेलेच होते.

चौकट
गाडी घेण्याआधी...
- रोज किती किलोमीटर आणि किती मिनिटं नुसतं उभं राहणं होतं, ते आठवडाभर लिहून काढा.
- जास्तीच्या मॉडेलची किंमत भागिले महिन्याची बचत. उत्तर छत्तीस महिन्यांच्या वर गेलं, तर 'पेट्रोल वाचतं' म्हणून ते घेऊ नका.
- साडी किंवा रोजचा ड्रेस घालूनच गाडीवर बसा. पाय टेकतात का, स्टँडवर एकटीला लावता येते का, पाहा.
- बॅटरी उतरली तर काय करायचं, हे शोरूममध्येच विचारून घ्या.
- गाडीच्या पुस्तकात 'ई-२०' पेट्रोल चालेल असं लिहिलंय का, बघा.
- महिन्यातून दोनदा हवा तपासा. आणि हेल्मेट... ते कुठल्याच मॉडेलबरोबर डोक्यावर आपोआप बसत नाही!